मैलभर उशीर

हिंगोलीच्या बसस्थानकावर औंढा नागनाथच्या गाडीची चौकशी मी तीनदा केली आणि तीनदा एकच उत्तर मिळालं, "येऊन राहिली." दीड तासाने माझा संयम सुटला. मी पिशवी उचलली आणि बाहेरच्या काळीपिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) बसले. नऊजणांच्या गाडीत आम्ही चौदा. माझ्या मांडीवर कुणाचा तरी डबा.

चालक तरुण होता. स्टिअरिंगवर एक हात, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर कुस्ती चालू. गाडी वळली की तो आधी डाव पाहायचा, मग रस्ता. मी शाळेत जन्मभर पोरं गप्प बसवली. त्याला सांगायचं वाक्य मात्र मनात चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा गिळलं. सगळेच गप्प. या गप्पपणाचा राग येत होता, माझ्या स्वतःच्याही.

शेजारी एक म्हातारी डोळे मिटून, पदराचा बोळा मुठीत आवळून बसली होती. भित्री दिसते, असं मला वाटलं.

हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर ओलांडताना समोरून ट्रक आला. आम्ही कसेबसे वाचलो. म्हातारीने डोळे उघडले.

"थांबव गाडी."

"काहून मावशी?"

"उतरायचंय. मला भेव वाटून राहिलं."

"इथं काय हाय? ऊन पाहा की."

"दोन सालाखाली अशाच गाडीत माझी भावजय गेली. त्या येळी बी मला भेव वाटलं व्हतं, पण मी बोलले न्हाई."

"औंढा जवळच हाय, बसा," असं मागून कुणीतरी म्हणालं. ती उतरली. गाडी सुटली, आणि मी आत तशीच बसलेली. मोबाईलवर कुस्ती पुन्हा सुरू झाली.

मैलभराने मी ओरडले, "थांबवा." चालकाने कपाळाला हात लावला. मला शिव्या ऐकू आल्या, पण त्यांचं वाईट वाटण्याइतकी फुरसत नव्हती.

उन्हात चरफडत मागे चालत गेले. म्हातारी बाभळीखाली बसली होती.

"तुमी काहून उतरल्या?"

"भीती वाटली."

"मग बसा," ती म्हणाली आणि तिने अर्धी भाकरी, वर तिळाची चटणी, माझ्या हातावर ठेवली. तिचं नाव गयाबाई. लेकीकडे निघाली होती.

थोड्या वेळाने हळदीचा दुसरा एक ट्रॅक्टर आला. त्याच्या चालकाने आम्हाला पोत्यांवर बसवून घेतलं. वेग बैलगाडीचा, तरी गयाबाईने डोळे गच्च मिटले.

"आता कशाची भीती?" मी विचारलं.

"भेव काय कुठं जातंय?" ती म्हणाली.

औंढ्याला ती लेकीच्या गल्लीत वळली. मी देवळात गेले. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम पाहायचं ठरवून आले होते; पायांच्या फोडांमुळे निम्मंच पाहिलं.

धाडसी माणसाला भीती नसते, असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. ते चुकीचं होतं. घरी आल्यापासून ही हकिगत मी बऱ्याच जणांना सांगितली आणि दर वेळी सांगताना मी गयाबाईबरोबरच उतरले. लिहायला बसल्यावर मात्र मधला तो मैल गाळण्याचं धाडस झालं नाही.