आईची तिथी आणि सहावा धडा

प्रोग्रामिंग मी स्वतःच शिकले, कारण शिकवायला कुणी तयार नव्हतं. मानिक चौकात एक जाडजूड हिंदी पुस्तक मिळालं आणि ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर प्रेम नगरच्या आमच्या घरी आला. पहिल्याच धड्यात होतं, क्ष बरोबर क्ष अधिक एक. मी पुस्तक मिटलं. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी कान पिळला असता.

तरी रेटलं, कारण बाबांना शब्द दिला होता. झाशीतल्या वीस-पंचवीस मराठी घरांच्या श्राद्धतिथी त्यांच्या वहीत असत. दर वर्षी पंचांग बघून ते प्रत्येक घरी तारीख कळवत. आता भिंगातूनही त्यांना अक्षर दिसेना. त्यात आई जाऊन वर्ष होत आलेलं. तिचं पहिलं श्राद्ध चुकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"कॉम्प्युटर चुकत नसतो, बाबा," मी ऐटीत सांगितलं.

पुण्याहून येणाऱ्या पंचांगाची छपाई बारीक, म्हणून मी इथलंच ठळक अक्षरांचं आणलं. जानेवारीपासूनच्या सगळ्या तिथी टाइप केल्या, मग वहीतली नावं. प्रोग्राम चालला. आईची तिथी माघ वद्य पंचमी, आणि समोर आलेली तारीख चार दिवसांपूर्वीची.

आईच्या श्राद्धाचा दिवस होऊन गेला आणि त्या दिवशी आम्ही मजेत मटार-पोहे खाल्ले होते.

मग सहावा धडा आठवला. यादीतली मोजणी एकापासून नाही, शून्यापासून होते म्हणे. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे! बहुधा माझा एक महिना तिथेच सांडला असणार. मी महिन्यात एक मिळवला. आईची तिथी पुढच्या महिन्यात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण आजोबांची तिथी चैत्र शुद्ध नवमी, म्हणजे रामनवमी. ती वैशाखात जाऊन बसली! एक काढला की आजोबा जागेवर येत आणि आई निघून जाई. एक मिळवला की आई येई आणि आजोबा भलतीकडे. दोन दिवस मी हेच करत होते. शून्य, एक, शून्य, एक. डोक्याचं पार भजं झालं.

शेवटी बाबांसमोर जाऊन बसले. "बाबा, आईचं श्राद्ध हुकलं," म्हटलं आणि रडूच फुटलं.

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पंचांग कुठलं घेतलंस?"

"इथलंच."

"अगं, इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेनंतर पालटतो, आपला अमावास्येनंतर. शुद्धात दोघांचं एकच, वद्यात ते एक महिना पुढे. त्यांचा माघ लागला असेल. आपला पौष चाललाय."

हे मला माहीत नव्हतं? जन्म इथेच गेला माझा. शेजारच्या काकी दर वर्षी ओरडायच्या, "जिज्जी, सावन लग गओ, और तुम बैंगन बना रईं!" आणि आई हसून म्हणायची, "हमारा पंद्रह दिन बाद लगेगा, जी." मी तेच वांगं खात मोठी झाले. पण पुस्तक उघडलं की माणसाला घरातलं आठवतच नाही, निदान मला तरी नाही. फक्त वद्य असेल तेव्हाच एक मिळवायचा होता. एका ओळीचं काम.

मी डोळे पुसत उठले, तेव्हा बाबा खिडकीकडे बघत होते.

"म्हणजे अजून यायची आहे ती," ते म्हणाले. "या वेळी तिची ती वांग्याची भाजी तू कर."