पाखरू आत येईपर्यंत

"शर्यती आभाळात हरत न्हाईत, पंच. पत्र्यावर हरत्यात."

वायरमनचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. बोलताना तो बोट आधी आभाळाकडे न्यायचा, मग सावकाश खाली आणत आपल्या गच्चीवरच्या पत्र्यावर टेकवायचा. त्याला जाऊन आता वर्ष होईल. तुमच्याही गल्लीत असा एखादा एका नादाचा माणूस असेल. तुम्ही त्याला हसलाही असाल. मीही हसायचो, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

नाद कबुतरांच्या शर्यतीचा. आमच्या सांगलीत त्यांचं एक लहानसं मंडळ आहे. लांबच्या शर्यतीत पाखराचा दम लागतो, पण आमच्या मंडळाच्या शर्यती जवळच्या. उंब्रजहून सोडलेली पाखरं तासाभरात सांगलीत येतात, आणि बहुतेक सगळी एका वेळेलाच येतात. मग जिंकतो कोण? ज्याचं पाखरू घरावर आल्यावर इकडंतिकडं न बघता थेट ढाबळीत, म्हणजे आपल्या खुराड्यात, शिरतं तो. पाखरू आत आल्याशिवाय त्याच्या पायातलं रबरी कडं काढता येत नाही, आणि कडं हातात आल्याशिवाय वेळ धरत नाहीत. पत्र्यावर मान वेळावत बसलेलं पाखरू उंब्रजहून वाऱ्यासारखं आलेलं असलं तरी त्याचा उपयोग शून्य.

मला खरं तर कबुतरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. सगळ्यांची घड्याळं एका वेळेला आणून द्यायला मंडळानं मला बोलावलं. पुढं मोबाइल आले, घड्याळं गेली, दुकानही गेल्यातच जमा झालं, पण मी मंडळात चिकटलो तो चिकटलोच. शर्यतीच्या सकाळी प्रत्येक गच्चीवर वेळ लिहायला बाहेरचा एक पंच बसतो. वायरमनची गच्ची कायम माझ्या वाट्याला यायची, कारण दुसरा कुणी तिथं टिकत नव्हता. तिथं पापणीसुद्धा विचारून हलवावी लागे.

तो वीज खात्यातून निवृत्त झालेला. हयात खांबावर गेली. काटक अंग, बोटांना जाड घट्टे, आणि बोलणं मोजकं. खांबावर माणूस असला की खालून त्याला हाक मारायची नाही, हा त्यांच्यातला नियम. त्याच्या डोळ्यांदेखत एक जोडीदार असाच गेला होता. खालून कुणी तरी नाव घेऊन ओरडलं, त्यानं वळून बघितलं आणि हात नको तिथं टेकला. वायरमननं हे एकदाच सांगितलं होतं. नियम मात्र तो नोकरीबरोबर सोडून आला नाही, घरी घेऊन आला.

शर्यतीचा सराव कसा करावा हे त्याच्याकडून शिकावं. आधी गल्लीच्या टोकावरून सोडायचं, मग मिरज, तासगाव, आष्टा, अशी चारी दिशांना टोपली घेऊन एसटीनं हिंडायचा. शर्यतीआधी दोन दिवस ज्वारी आणि सातू, हलकं खाणं. आदल्या संध्याकाळी मका, तोही चिमटीनं. "प्वाट भरलेलं पाखरू घराकडं कशाला बगंल?" म्हणायचा. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून तो खुळखुळवायचा, आणि तो आवाज आला की खिडकीतून आत शिरायचं, एवढी एकच गोष्ट पाखराच्या मनावर कोरून ठेवायचा. "जवळच्या शर्यतीत पंखाचं काम निम्मंच. बाकीची सवय."

या सवयीपायी रविवारी सकाळी त्या घरात स्मशानशांतता असे. दोरीवर कपडे नाहीत, कारण फडकणाऱ्या लुगड्याला पाखरू बुजतं. दाराची बेल बंद. मिक्सर नाही, टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही, हाक तर नाहीच नाही. वायरमनच्या अंगात कायम तोच, पाखरांच्या ओळखीचा खाकी शर्ट. एकदा मला शिंक आली ती मी दाबली, तर कानात दडे बसले दोन दिवस.

वहिनींनी हे सगळं हसून घेतलं होतं. मोठ्या बोलक्या बाई. शनिवारी संध्याकाळी मी घड्याळ लावून द्यायला गेलो की चहा देताना म्हणायच्या, "बोलून घ्या भावजी आजच. उद्या आमच्या तोंडाला कुलूप. किल्ली ह्यांच्याजवळ हाय." आणि शर्यत संपली, कडं हातात आलं, की वायरमन जिन्यातून खाली तोंड करून म्हणायचा, "झालं गं. बोल आता." लगेच खालून सुरू. चहा, पोहे, शेजारणीची सून, रहिमतपूरला दिलेल्या लेकीचा फोन, सगळं एका दमात. त्यालाही ते आवडायचं. तोंडानं कधी बोलला नाही, पण जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहायचा.

तो रविवार थंडीतला. उंब्रजहून सात वाजता पाखरं सोडल्याचा फोन आला. आम्ही दोघं गच्चीवर भिंतीला पाठ लावून बसलो. त्याचं सगळ्यात चांगलं पाखरू, निळा नर, आठच्या आधीच दिसला. एकटाच पुढं होता. सरळ येऊन पत्र्याच्या कडेला उतरला. वायरमननं डबा हलवला. निळ्यानं खिडकीकडं मान वळवली, एक पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी खाली स्वयंपाकघरात मोठं पातेलं पडलं.

निळा भर्रकन उडाला. दोन घिरट्या घेऊन शेजारच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

"आजच पाडायचं हुतं हिला," वायरमन दातओठ खात पुटपुटला.

तीन-चार मिनिटांत मोबाइलवर निरोप यायला लागले. एकाचं पाखरू आत आलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "वायरमन, गेली शर्यत. खाली बघून येऊ का?"

त्यानं माझ्याकडं न बघता हात वर केला. "हलू नगा. शर्यत गेली तर जाऊंदे. पर भेलेलं पाखरू आपुन हुसकून आत घेतलं, तर जल्माची खोड लागंल त्येला. आपल्या मनानं आलं पायजे."

आणि यात त्याचं काही चुकत नव्हतं. कुठल्याही कबुतरवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. म्हणून तर मला ते आजही गिळता येत नाही.

तेवढ्यात खालून 'टक' असं ऐकू आलं. फरशीवर काही तरी आपटल्यासारखं. थोडं थांबून पुन्हा टक. मग आणखी एकदा, आणि बंद झालं. मी वायरमनकडं बघितलं. तो टाकीकडं बघत होता. त्यानं डबा खुळखुळवला.

वहिनी लसूण ठेचत असतील, असं मी मनाशी म्हणालो. खरं सांगतो, मला तसं वाटलं नव्हतं. लसूण असा ठेचत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण पंचानं जागा सोडायची नसते, आणि त्या गच्चीवर हालचाल करायची माझी छाती नव्हती. मूग गिळून बसलो.

पाव तास गेला. निळा आपल्या मनानं पत्र्यावर आला, खिडकीतून आत शिरला. वायरमननं कडं काढलं, मी वेळ लिहिली. तो जिन्याशी गेला.

"झालं गं. बोल आता."

खालून काही आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग आम्ही दोघंही जिना उतरलो.

वहिनी ओट्याखाली पडल्या होत्या. अंगावरून वारं गेलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि डाव्या हातात उलथनं. त्या आमच्याकडं बघत होत्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

रिक्षात घालून मिरजेला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिथला डॉक्टर बोलता बोलता म्हणाला, "थोडं लवकर आणायला हवं होतं." असं ते सगळ्यांनाच म्हणतात, पण वायरमननं ते पकडलं. "थोडं म्हंजे किती?" तो प्रत्येक डॉक्टरला विचारायचा. "पंधरा मिनिटं म्हंजे थोडं का लय?" एक म्हणाला फरक पडला असता, एक म्हणाला सांगता येत नाही, एकजण नुसता खांद्यावर हात ठेवून पुढं गेला.

घरी आणल्यावर त्यानं पाखरं काढायची ठरवली. वाईच्या एका ओळखीच्याला दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं चुकून दार उघडं टाकलं आणि जेवणाच्या वेळेला सगळी परत सांगलीत, पत्र्यावर ओळीनं. वायरमन खालून बघत राहिला. "माझीच शिकवण," म्हणाला. शेवटी कर्नाटकातला एकजण पैदाशीसाठी कायमची कोंडून ठेवायला घेऊन गेला. ढाबळीचा पत्रा वायरमननं स्वतः उचकटला.

आणि मग त्या घरात आवाज सुरू झाला. रेडिओ, टीव्ही, दाराची बेल, सगळं चालू. मोजकं बोलणारा हा माणूस दिवसभर बायकोशी बोलायला लागला. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, हळदीच्या भावासकट. भाजी काय आणली, रस्त्यात कोण भेटलं, शेजारणीच्या सुनेनं काय केलं. त्याला ते नीट जमायचं नाही. निम्म्यात विसरायचा, मग वहिनींकडं बघायचा, त्या पुरं करतील म्हणून.

एक स्टीलचा मोठा चमचा त्यानं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला होता, शेजारी ताट उपडं घातलेलं. "काय लागलं तर वाजव. कवाबी वाजव. मी हितंच हाय." माझ्यासमोर त्यानं हे दहादा तरी सांगितलं असेल. वहिनींनी तो चमचा एकदाही वाजवला नाही. डाव्या हातात जोर होता, भाकरीचा तुकडा त्या त्याच हातानं उचलायच्या. पण तहान लागली, चादर ओली झाली, तरी भिंतीकडं बघत पडून राहायच्या. वायरमनला उशिरा कळायचं, मग तो धावपळ करायचा, आणि आवरून झालं की चमचा पुन्हा त्यांच्या हातात द्यायचा. त्या तो हळूच खाली ठेवायच्या. मला बघवायचं नाही. मी जाणं कमी केलं.

पाच महिन्यांनी वहिनी गेल्या.

तेरावा झाल्यावर वायरमन माझ्या दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. दाढी वाढलेली, खाकी शर्टाची बटणं खालीवर लागलेली. भिंतीवरची बंद घड्याळं बघत म्हणाला, "पंच, एक इचारतो. खरं सांगा. पातेलं पडल्यावर मागनं टकटक ऐकली का तुमी?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला. खरं सांगायला काय हरकत होती? पण मला वाटलं, या माणसाच्या पाठीवर आणखी ओझं कशाला. आता वाटतं, तेही खोटं. मला माझं अंग काढून घ्यायचं होतं.

"नाही बुवा," मी म्हणालो. "तुम्ही डबा वाजवत होता ना. काही ऐकू आलं नाही."

"मग म्या एकट्यानंच ऐकलं," तो म्हणाला आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात लेक त्याला रहिमतपूरला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. मला मात्र काही सुचेना. चाकं जुळवताना हात थांबायचा. एकट्यानंच ऐकलं, हे त्याचे शब्द डोक्यातून जाईनात. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "मग इथं बसून काय होणार? जाऊन सांगून या."

जायला मला चार महिने लागले. तेव्हाही घाबरतच एसटीत बसलो.

रहिमतपुरात लेकीचं घर बाजारपेठेच्या मागं. तिनंच दार उघडलं. "बरं झालं काका आलात. बाबा कुणाशी बोलत न्हाईत. खात्यात, झोपत्यात, बास." वायरमन मागच्या पडवीत खाटेवर बसला होता. अर्धा उरला होता. मला बघून त्यानं जागा करून दिली. मी शेजारी बसलो. लेक चहा टाकायला आत गेली.

काय बोलायचं ते मी एसटीत पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"वायरमन, त्या दिवशी मी खोटं बोललो. मीही ऐकलं होतं. तीनदा वाजलं. मला कळलं होतं, आणि मी उठलो नाही."

अंगणात लेकीच्या कोंबड्या दाणे टिपत होत्या, तो तिकडं बघत राहिला. मला वाटलं, ऐकलंच नाही की काय. मग त्यानं आपला घट्ट्यांचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. इतका हलका झाला होता तो हात. मला वाटलं, आता हा रडेल, नाही तर मला शिव्या तरी देईल.

"तीन न्हवं, पंच. चार," तो म्हणाला. "चौथं लय बारीक हुतं."