पीप साइटमधून बघताना

बारामतीत रायफल शिकायला गेली माझी मुलगी. महिन्याभरात तिनं सोडलं आणि धरून बसले मी. घरचे हसले. हसू देत. छऱ्याची रायफल खांद्याला लावून उभी राहिले की मला बरं वाटायचं.

माझी रायफल ओपन साइटची. डोळ्याजवळ खाच, नळीच्या टोकाला खुंटी आणि दहा मीटरवर कागदावरचा काळा गोल. तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून खुंटी स्पष्ट ठेवायची आणि काळा पुसट राहू द्यायचा, असं शिकवतात. या नियमाच्या आड मी बरेच दिवस लपले. यंदा मात्र खुंटीही पुसट झाली.

"ताई, पीप साइट घ्या की. चाळिशीनंतर तेच बरं हाय," आमचे सर म्हणाले. पीप साइटला खाचेऐवजी बारीक भोक असतं, त्यातून सगळं लख्ख दिसतं. मी "बघू" म्हणाले आणि टाळत राहिले.

कारण तसं भोक मी आधी पाहिलं होतं. इंदापूरला वडिलांचे डोळे तपासताना डॉक्टरांनी बारीक भोकाची काळी पट्टी त्यांच्या डोळ्यापुढे धरली. यातून स्पष्ट दिसलं तर चष्म्यावर भागतं, म्हणाले. नाही दिसलं तर दुखणं आत, पडद्यावर. "तसंच दिसतंय वो," वडील म्हणाले. साखरेनं पडदा पोखरला होता. ती साखर मलाही आहे, आणि पथ्याच्या बाबतीत मी त्यांचीच लेक. त्यांच्यासारखं भिंत चाचपत मोरीपर्यंत जायची मला फार भीती वाटते.

शेवटी एका सकाळी सरांनी स्वतःची पीप साइटची रायफल माझ्या हातात दिली. उजवा डोळा लावला. काळा गोल कसा कोरून काढल्यासारखा! मी मोठ्यानं हसले. चाळिशी, नुसती चाळिशी! जीव भांड्यात पडला.

मग डावा डोळा आठवला. नेम धरताना तो कायम झापडीआड. त्याला मी कधी कामच दिलं नव्हतं. रायफल स्टँडवर ठेवली, झापड उजव्यावर सरकवली आणि मान वाकडी करून डावा डोळा भोकाला लावला.

"दिसतोय का काळा?" सरांनी विचारलं.

मी डोळा मिटला, उघडला, पुन्हा बघितलं.

"कागद दिसतोय, सर. काळा न्हाय."