धानोऱ्याची मंडई आणि जावयाची मच्छरदाणी

"यंदा मंडईले आली नाई तर पुन्हा तोंड दाखवू नको," असं म्हणून वामनकाकांनी फोन ठेवला. मग काय, रजा टाकली आणि तिकिटं काढली.

आधी पुणेकरांसाठी खुलासा. आमची मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली, गावं एकेक दिवस ठरवून मंडई भरवतात. दिवसा जत्रा, रात्रभर नाटक आणि घरोघरी पाहुणे. लेकी-जावयांना आमंत्रण असतं आणि न येणाऱ्याची पुढच्या मंडईपर्यंत निंदा चालते. माझं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि काका माझा ब्लॉग नातवाकडून वाचून घेतात. अठराव्या वर्षी शिकायला बाहेर पडले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. आई-वडील गेल्यावर जाणं कमी झालं, मंडईला तर नऊ वर्षांत गेले नव्हते.

माझा नवरा नितीन देवरुखचा. स्वभावानं इतका सावध की कोकणात राहून साप न पाहिलेला बहुधा हा एकटाच माणूस. त्यानं निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण बाह्यांचे चार शर्ट घेतले, डास पळवायचं मलम घेतलं आणि घडीची मच्छरदाणी घेतली. मलाही एक घेऊ म्हणाला. मी हसले. "अरे, लहानपणी दर पावसाळ्यात मला हिवताप यायचा. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट पुढे आलेलं असायचं. दहाव्या-बाराव्या वर्षानंतर येईनासा झाला. मला काही होत नाही, आमचं जंगलचं रक्त आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला ते गिळायचं आहे.

पुण्याहून रेल्वेनं नागपूर आणि तिथून बसनं साडेतीन तासांत चंद्रपूर. मुक्कामाला बसस्थानकाजवळची लॉजं स्वस्त आणि स्वच्छ आहेत, पण खोली आधी पाहूनच घ्या. सकाळी तर्री पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाल्ले. नितीननं तर्री वेगळ्या वाटीत मागितली तेव्हा गाडीवाल्यानं त्याच्याकडे ज्या दयेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. पुढच्या प्रवासाला गाडी भाड्यानं घ्या. बस आहेत, पण आडगावात वेळ जातो. आम्ही चार दिवसांसाठी ठरवली, दिवसाला अडीच हजार आणि डिझेल वेगळं. चालक सलीमभाई, चंद्रपूरचेच, वडिलांपासून गाडीचा धंदा.

मूल हे गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना पिवळं धान. कुठे कापणी चालू, कुठे कापलेल्या धानाचे भारे बांधलेले. मी खिडकीतून मान काढून नितीनला शेतं दाखवत होते आणि माझ्या रक्ताचं कौतुकही चालूच होतं. सलीमभाईंनी आरशातून पाहिलं.

"मॅडम, गाव सोडून किती साल झाले?"

"चोवीस."

"मंग गावाच्या मच्छरनं तुम्हाले वळखलं पायजे ना!"

नितीन इतका हसला की त्याला ठसका लागला. मी मात्र मार्कंडा येईपर्यंत कोणाशी बोलले नाही.

मार्कंडा चुकवू नका. वैनगंगेच्या काठावरची ही दगडी देवळं महाशिवरात्रीच्या यात्रेत माणसांनी भरतात, पण एरवी निवांत पाहता येतात. भिंतीवरच्या मूर्तींपुढे मान दुखेपर्यंत उभं राहता येतं. नदी इथे उत्तरेकडे वाहते म्हणून तिचं महत्त्व. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी यात्रेला यायचे. मी पाण्यात पाय सोडून बसले आणि राग तिथेच उतरला. पुढे गडचिरोलीत जेवलो. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी, दोघांचं मिळून दोनशेच्या आत. पैसे इथेच काढून ठेवा, टाकीही भरा. धानोऱ्यानंतर फोनची रेंज मनाला येईल तेव्हा येते.

संध्याकाळी पोचलो. काका अंगणात उभेच होते. बासष्ट वर्षांचे, काटक, दिवसभर धान कापून आलेले. त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे मीनावहिनींनी, आमच्या पायांवर पाणी घातलं. वहिनी गावच्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य स्वयंसेविकाही आहेत. गावात कोणाला ताप आला की रक्त तपासायची पिशवी घेऊन त्याच धावतात.

घरामागच्या वाडीत वांगी आणि मिरच्या लावल्या होत्या. कोंबड्यांनी टोचू नयेत म्हणून भोवती निळीशार जाळी बांधली होती. नितीननं जवळ जाऊन पाहिलं.

"काका, ही तर औषध लावलेली मच्छरदाणी आहे. सरकारी!"

"हाव ना जावईबापू. लय मजबूत. एक कोंबडी आत जाऊन नाई राह्यली."

"पण ती झोपताना लावायची असते."

"ते तुमच्यासारख्या बाहेरच्या लोकांसाठी," काका म्हणाले. "आमाले काई होत नाई." आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून अभिमानानं मान हलवली.

रात्री ओसरीवर खाटा टाकल्या. नितीननं खांबांना दोऱ्या बांधून आपली मच्छरदाणी लावली आणि आत शिरून कडा गादीखाली खोचल्या. गल्लीतल्या बायका जावई पाहायला आल्या त्या हसत परत गेल्या. माझी खाट मोकळीच होती. डास चावत होते, पण लहानपणीसारखं एक हात हलवत मी झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलीला ताप भरला. वहिनींनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. थोड्या वेळानं पट्टीवर दुसरी रेघ उमटली. हिवताप. नियम असा, की एका घरात निघाला की आजूबाजूच्या सगळ्यांचं रक्त पाहायचं. त्यामुळे वहिनी आमच्याही ओसरीवर बसल्या. नितीन आणि मी, दोघांचं काही निघालं नाही. मी नितीनकडे विजयी नजर टाकली. मग काकांना शेतातून बोलावून घेतलं. ते विळा कमरेला लावूनच आले, बोट पुढे केलं आणि चहा मागितला. चहा संपेपर्यंत त्यांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या.

मला आधी वाटलं पट्टीच खराब आहे. वहिनींनी दुसरी लावली, पुन्हा दोन रेघा. या माणसानं पहाटेपासून अर्ध्या शेतातलं धान कापलं होतं. अंगाला हात लावला तर गार.

"हे असंच राह्यते," वहिनी आम्हाला समजावून सांगू लागल्या. "जंतू रक्तात आहे, पण ताप नाई. लहानपणापासून हिवताप येऊन येऊन अंगात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतेत. ते जंतूले दाबून ठेवतेत, पुरा मारत नाईत. म्हणून मामाजी ठणठणीत. पण मामाजीले चावलेला मच्छर दुसऱ्याले चावला का त्याचे हाल."

"म्हणजे मलाही ती प्रतिपिंडं असणार," मी म्हणाले.

"होती, ताई. इथीच राह्यल्या असत्या तर टिकली असती. पुन्हा पुन्हा जंतू आला तरच ते अंगात राह्यतेत. गाव सोडलं का कमी कमी होत जातेत."

म्हणजे पाढ्यांसारखं. रोज म्हटले तर पाठ, सोडले तर सतरानव्वे किती ते आठवत बसा. मला कळलं, पण पटलं नाही. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचं नव्हतं. पुण्यात मी बोलते पुणेरी, खाते पुणेरी, माझी मुलगी तर मी बोलताना गावचा हेल काढला की हसते. निदान रक्त तरी गावचं आहे एवढाच माझा दावा उरला होता.

इकडे काका गोळ्या घ्यायला तयार होईनात. "मले तापच नाई, गोळ्या कायले? आपल्याले काई होत नाई."

वहिनींनी गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं. "मामाजी, जे वाचले तेच असं म्हणतेत. रामूभाऊजी कुठी आहेत आता?"

रामू काकांचा थोरला. माझ्याच वयाचा. आम्ही दोघं चार वर्षांचे असताना एकाच पावसाळ्यात तापलो, एकाच खाटेवर उलटसुलट झोपवलेले. मी उठले. तो नाही उठला. मी ज्या रक्ताची फुशारकी मारत चंद्रपूरपासून आले होते, त्याची किंमत या घरानं दिली होती आणि मला त्याचा इतक्या वर्षांत विचारही शिवला नव्हता. मला फार लाज वाटली.

काकांनी बराच वेळ विळ्याची मूठ चोळली. मग नितीनच्या खाटेकडे पाहिलं. "माह्या घरातून जावयाले ताप गेला तर नाक कापलं जाईन. आण पाणी." तीन दिवस ते सगळ्यांसमोर, औषध पिणाऱ्या लहान मुलासारखं तोंड करून गोळ्या घेत राहिले.

एवढं होऊन मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. वहिनींनी त्याच संध्याकाळी मला नवी मच्छरदाणी काढून दिली. पण दुसरा दिवस मंडईचा. पाळणे, जिलेबी, बांगड्या, आणि दहा गावांतले नातेवाईक. कोंबडीच्या रश्शानं नितीनचे डोळे वाहत होते आणि तरी तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता. रात्री नाटक. तंबूत जमिनीवर चादर टाकून बसायचं, जवळ शेंगदाण्याची पुडी. खलनायक आला की बायका त्याला पहाटेपर्यंत शिव्या घालतात आणि तो खुशीत येऊन आणखी वाईट वागतो. नितीन कानटोपी, मोजे आणि मलम लावून बसलेला. मी साडीत, हात उघडे, पाय उघडे. मला त्या रात्री मैत्रिणींमध्ये बाहेरच्यासारखं दिसायचं नव्हतं. मलम लावणं म्हणजे पुण्याची पाटी गळ्यात अडकवणं वाटलं.

निघताना वहिनी गाडीशी आल्या. मला नाही, नितीनला म्हणाल्या, "भाऊजी, महिनाभरात कोणालेही ताप आला का पहिले रक्त तपासा. आन् डॉक्टरले सांगा का आम्ही धानोऱ्याहून आलो." नितीननं ते फोनमध्ये लिहून घेतलं. मी वहिनींनी दिलेली जवसाची चटणी पिशवीत बसवत होते.

पुण्यात येऊन अकरावा दिवस. दुपारी बँकेत कामावर असताना थंडी वाजू लागली, इतकी की दात वाजायला लागले. घरी दोन गोधड्या घेऊन पडले. दमणूक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, रात्री पुन्हा चढला. नितीननं उचलून दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरबाईंनी डेंग्यूची तपासणी लिहिता लिहिता विचारलं, "एवढ्यात कुठे बाहेरगावी गेला होता का?"

मी म्हणाले, "नाही."

नितीन माझ्याकडे पाहतच राहिला. "अगं, मंडईला गेलो होतो की!"

"ते बाहेरगाव कुठे?" मी म्हणाले. "ते माझं माहेर आहे."

शपथेवर सांगते, मी काही लपवत नव्हते. तापात डोक्यात तेच होतं. नितीननं फोन काढून वहिनींचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं, कागदावर आणखी एक तपासणी लिहिली आणि लगेच करायला लावली. रिपोर्ट आला. हिवताप, आणि तोही मेंदूपर्यंत जाऊ शकणारा, बहुधा रामूला नेणारा, तोच प्रकार. वेळेत कळला म्हणून गोळ्यांवर भागलं. दोन दिवस उशीर झाला असता तर हा लेख कदाचित कोणी दुसऱ्यानं लिहिला असता.

तर जाणाऱ्यांनो, जा. धान, नदी, नाटक, माणसं, सगळं सोडून येऊ नये असं आहे. पण आधी डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी न्या, मलम लावा आणि ताप आला तर कुठून आलात ते सांगा. आणि माझ्यासारखं तिथलंच माणूस असाल, पण सोडून वर्षं झाली असतील, तर हे सगळं दुप्पट करा. आपण गाव विसरत नाही, शरीर विसरतं.

बरी झाल्यावर काकांना फोन केला. नितीनला काही झालं नाही, मला झालं, हे सांगितलं. ते हळूच म्हणाले, "काऊन वं पोट्टे, तू पाहुणी झाली?" मला रडू आलं. मी म्हटलं, "काका, पाहुणी झाले तरी येईन." त्यांनी फोन ठेवला.

काल वहिनींनी फोटो पाठवला. ओसरीवर माझी खाट आहे आणि तिच्यावर ती निळी मच्छरदाणी, धुऊन, फाटलेल्या जागी पांढऱ्या दोऱ्यानं शिवून, चारी कडा खोचून लावलेली. आत काका झोपलेत. मागे वाडीत कोंबड्या मिरच्यांची रोपं टोचत आहेत आणि त्यांना हाकलायला कोणी नाही.