हिरवा केलेला माळ

पलूसला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांवर घर चालतं. पण उन्हाळ्यात सवड मिळाली की मी स्कूटी काढते आणि आटपाडीच्या पुढे, माहेरच्या माळावर जाते. "फुलं आल्यावर कासला जा की," असं सगळे सांगतात. मी जात नाही. कासचे फोटो काढायला अख्खं पुणं येतं.

एकदा एप्रिलात गेले, तेव्हा कॅमेऱ्याला हात लावला तरी चटका बसत होता. तांबूस माळ, एकच बाभूळ, तिच्या तुटपुंज्या सावलीत दाटीनं उभी मेंढरं. मेंढरांची मालकीण माझ्या आईच्या वयाची. म्हणाली, "आगं, हितं काय हाय फोटो काढण्यासारखं?"

"तुमी हायसा की."

ती हसली, पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली.

तो फोटो सांगलीतल्या एका प्रदर्शनासाठी निवडला गेला. उद्घाटनाच्या दिवशी दालनात शिरले, तर स्वतःचाच फोटो मला चटकन ओळखू येईना. माळावर हिरवंगार गवत उगवलं होतं. वर काळे ढग दाटले होते. बाई तीच होती, पण उन्हानं बारीक केलेले तिचे डोळे त्या ढगांखाली उगीचच मिचमिचवल्यासारखे दिसत होते.

"कॉम्प्युटरवर जरा फ्रेश केलाय, मॅडम," आयोजक म्हणाले. "मूळचा लय रखरखीत होता. बघणाऱ्याला प्रसन्न वाटाय पाहिजे."

"ती बाई तिथं राहते. तिला कुठाय हे गवत?"

"आवं, फोटोच हाय. एवढं मनाला लावून घेऊ नका."

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि फ्रेम काढायला लागले. त्यांनी दुसरी बाजू घट्ट धरली. "पाहुणे दारात आलेत, मॅडम!"

"येऊ देत. खिळा बघतील."

त्यांनी हात सोडला. फ्रेम काखेत मारून मी पाहुण्यांच्या समोरून बाहेर पडले. मान खाली घातली नाही.

त्यानंतर मला तिथलं बोलावणं आलेलं नाही. मूळ फोटो मोठा करून मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. आमच्या उसाच्या गावात लोक थांबून विचारतात, "हे काय ओसाड लावलंय?" नवराही म्हणाला, "गिऱ्हाइकाला बरं वाटंल असं कायतरी लाव."

मी शेजारी आणखी एक लावला. तोही माळाचाच, नुसत्या दगडांचा.