चौथा फण

वाहिद मिस्त्रीच्या शेडमध्ये शिरणाऱ्याला एक गोष्ट आधी शिकावी लागते. उचललेल्या लोखंडाखाली हात घालायचा नाही. आधी टेकू. जॅकवर भरवसा नाही, तेलाच्या नळीवर नाही, खुद्द मिस्त्रीवरही नाही. दारातच हातभर उंचीचे लाल टेकू रांगेत उभे असतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांना ते लागतात, शिव्या खातात, पण तिथून हलत नाहीत.

"जे वर गेलंय ते खाली यायच्याच तयारीत असतं," मिस्त्री म्हणतो. "आपल्याला फक्त वेळ माहीत नसते."

शहाद्यातल्या या शेडला लागूनच घर आहे. चहा आणतात त्या अमिनाभाभी, मिस्त्रीची बायको. कप डाव्या हातात, कारण उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मधली तीन बोटं नऊ वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेली. यंत्र दुरुस्तीला आलं होतं. मालक म्हणाला, पात्यावरच्या जाळीमुळे कडबा अडकतो, काढून टाका. मिस्त्रीने काढली. एक धांडा तरीही अडकला, आणि जाता जाता अमिनाभाभींनी तो आत ढकलला.

तेव्हापासून मिस्त्रीने कुठल्याच यंत्राची जाळी काढली नाही. गिऱ्हाईक भांडून निघून गेलं तरी नाही. या नोव्हेंबरपर्यंत.

हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. पुनीत शेठने बाहेरून सहा फणांचं पेरणी यंत्र मागवलं होतं. गाव त्याला पोरसवदा म्हणायचं, पण अवजारांचं दुकान आजोबांपासूनचं होतं आणि बोलणं त्यांच्याहून गोड. यंत्राची जोडणी मिस्त्रीची. साध्या यंत्राचे सगळे फण ड्रायव्हरच्या एका दांडीने एकदम उचलले जातात. या यंत्राचा प्रत्येक फण वेगळा, प्रत्येकाला स्वतःची तेलाची नळी. ट्रॅक्टरच्या टपावरची थाळी उपग्रहावरून जागा ओळखायची. जमीन पेरलेली असली की तेवढाच फण आपोआप वर, कोरी असली की आपोआप खाली. तिरप्या शेताच्या कोपऱ्यात एकेक फण असा उचलला जायचा, की वाटावं कोणी बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवतंय.

"मिस्त्री, तुमचं यंत्र बांधाजवळ झोपतं," पुनीत शेडमध्ये येऊन म्हणाला.

"झोपत नाही. थांबतं."

"का थांबतं?"

"ट्रॅक्टर चालायला लागल्याशिवाय फण खाली सोडायचा नाही, अशी अट आहे आत. गाडी उभी असताना मागे कोणी वाकलेलं असलं तर?"

"त्या अटीपायी दर वळणावर दोन हात जमीन रिकामी जाते. उद्या ब्राह्मणपुरीत प्रात्यक्षिक आहे. लोक उद्या काही बोलणार नाहीत. आठ दिवसांनी हरभरा उगवला की बांधाबांधाला टक्कल दिसेल, आणि मग विचारतील, बसवलं कोणी?"

पुनीतला बरोबर जागा सापडली होती. वाहिद मिस्त्रीच्या हातचं काम फसलं, असं तालुक्यात अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"ती अट तेवढी बंद करा. उद्यापुरती."

"मागे बाई चालते, शेठ."

"बाई कशाला? एवढं यंत्र घेतलंय ना!"

"काळी जमीन आहे. फणाच्या तोंडाला चिखल धरतो. बाई लागतेच."

"मग तिला सांगा, हात घालू नको. सांगायला काय जातं?"

मिस्त्रीने यंत्राच्या स्क्रीनवर बोट टेकलं. एक हिरवी खूण होती, ती गेली. आवाजही झाला नाही.

दुपारी त्याने अंगणात खोटी हद्द आखून यंत्र तपासायला घेतलं. ट्रॅक्टर उभा, इंजिन चालू, सहाही फण वर. चौथ्या फणाखाली रिकामं घमेलं राहून गेलं होतं. स्क्रीनवर ट्रॅक्टरचा ठिपका थरथरत होता. उभी गाडीही उपग्रहाला वीतभर इकडेतिकडे हललेली दिसते. ठिपका हद्दीच्या रेषेला लागला, परतला, पुन्हा लागला.

चौथा फण खाली आला. एकटाच. घमेलं भाकरीसारखं चपटं झालं.

दारात अमिनाभाभी उभ्या होत्या.

"किसने छोड़ा?" घरात दोघं हिंदीतच बोलतात.

"किसी ने नहीं."

"तो आया कैसे?"

"कल का दिन निकल जाए, फिर ठीक कर दूँगा."

"उस जाली का भी यही बोले थे."

त्या आत गेल्या आणि लांब दांड्याचं लोखंडी उलथणं घेऊन आल्या. "पीछे जो औरत चलेगी, उसको देना. बोलना, हाथ नहीं. ये."

ब्राह्मणपुरीला सकाळी उन्हात माणसांची ही गर्दी. मिस्त्रीची नजर आधी टेकूंवर गेली. सहा टेकू त्याने यंत्राबरोबर पाठवले होते. सहाही सुतळीने वर चौकटीला करकचून बांधलेले.

"अजित, हे कोणी बांधलं?"

"मी," ट्रॅक्टरवरचा अजित हसला. "दर फेरीले ते लावो आन काढो, तं पेरनी कधय करो? शेठनी सांगं, आठे बठ्ठं आपोआप शे." इथे सगळं आपोआप चालतं, असं शेठने त्याला पढवलं होतं.

यंत्रामागे फुलीबाई उभी होती. साठीची, सडसडीत, लुगड्याचा काचा खोचलेला. गावात बैलांची तिफण होती तोवर तिच्यावरचं बी ओतायचं चाडं धरायला हीच बाई लागायची. मुठीतून बी असं सोडायची की लोक रोपं मोजून पैज लावत. तिफण गेली, चाडं गेलं, आणि आता ती यंत्रामागे चिखल काढते.

मिस्त्रीने उलथणं पुढे केलं. "मावशी, चिखल याने काढायचा. हात घालायचा नाही."

फुलीबाईने उलथणं उलटसुलट करून पाहिलं. "आते वावरमां भाकरी शेकू का काय?"

लोक हसले.

"हसण्यावारी नेऊ नका. तो फण कधीही खाली येतो."

"भाऊ, चाळीस वरीस चाडं धरं मी. तिफन उचली, का फन साफ करना. उचलनारा तठे उभा ऱ्हास. तो दखस मन्हा हात, मंग सोडस."

"इथे हात बघून फण सोडणारा, उचलणारा कोणीच नाही, मावशी."

"मंग तो अजित काय करस?"

"तो फक्त बसतो."

पुन्हा हशा पिकला. अजितही हसला. फुलीबाई हसली नाही. तिने यंत्राकडे एकदा वर पाहिलं, आणि उलथणं पदरात खोचलं.

तीन फेऱ्या सुरेख झाल्या. बांधापर्यंत बी, तसूभर जागा रिकामी नाही. पुनीत लोकांना माती उकरून दाणे दाखवत होता. चौथ्या फेरीला कोपऱ्यावर कोणीतरी काही विचारलं, अजितने ट्रॅक्टर उभा केला आणि मान वळवून उत्तर देऊ लागला. फण वर होते. चौथ्याच्या तोंडाला चिखलाचा गोळा धरला होता. फुलीबाईचा हात सवयीने पुढे गेला.

"मावशी!"

हात थबकला. तिने मिस्त्रीकडे त्रासून पाहिलं, उलथणं उपसलं आणि गोळ्यात खुपसलं.

फण खाली आला. उलथण्याचा दांडा तिच्या मुठीतून हिसकला गेला. लोखंड मध्यातून वाकून मातीत शिरलं.

"माय वं," ती एवढंच म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.

बाकी कोणी पाहिलं नाही. मिस्त्री ट्रॅक्टरवर चढला, अजितला बाजूला सारलं आणि हिरवी खूण परत लावली.

पुढच्या वळणावर दोन हात जमीन रिकामी गेली. लोकांत कुजबुज झाली. पुनीत जवळ आला, हसत, दात आवळून.

"काय केलंत?"

"अट चालू केली."

"सगळ्यांसमोर? स्वतःच्याच कामाला बट्टा?"

"लागू द्या."

पुनीत हसतच लोकांकडे वळला. यंत्र त्या दिवशी विकलं गेलं, त्याच गावात. दुसऱ्या दिवसापासून वीस दिवसांची पेरणी, ड्रायव्हर अजित, मागे फुलीबाई.

सकाळी मिस्त्री चहा घेत असताना अजितचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

"चाचा, काय कमाल शे! कालदिन बांधले खाडे पडी ऱ्हायनथात. आज एक बी नही!"

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "हिरवी खूण आहे का स्क्रीनवर?"

"नही ना. शेठनी दुकानमाईन मोबाइलवर काढी टाकी. त्यास्ले तठे बठीसन बठ्ठं करता येस."

"ट्रॅक्टर चालू आहे का उभा?"

"उभा शे. तुमनासंगे बोली ऱ्हायनू ना. मांगे फुलीमाय चिखल काढी ऱ्हायनी."

"पुढे घे! अजित, आधी गाडी पुढे घे!"

फोन कटला होता. पुन्हा लावला. वाजत राहिला.

अमिनाभाभी काही न विचारता मोटरसायकलवर मागे बसल्या. सगळ्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या. "तुम्हारी बात कोई नहीं सुनेगा. मुझे उतार देना."

शेताच्या वळणावरच आवाज आला. चालत्या ट्रॅक्टरचा आवाज चढतो, उतरतो. हा एकसारखा होता. उभ्या ट्रॅक्टरचा.

अजित सीटवर बसून तंबाखू मळत होता. मागे फुलीबाई वाकलेली, जिवंत. वाकलेलं उलथणं बांधावर पडलं होतं, कालच निकामी झालेलं. हात कोपरापर्यंत चौथ्या फणाखाली.

मोटरसायकल थांबायच्या आत अमिनाभाभी उतरल्या. ओरडल्या नाहीत. ढेकळं तुडवत सरळ गेल्या आणि आपला उजवा हात फुलीबाईच्या चेहऱ्यासमोर धरला. अंगठा आणि करंगळी. मध्ये काहीच नाही.

फुलीबाई त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिली. मग आपला हात तिने हळू, अगदी हळू, विहिरीतून कळशी ओढावी तसा बाहेर घेतला आणि छातीशी धरला.

अजित मळता मळता थांबला. मिस्त्री धावत येत होता. इंजिनाच्या एकसुरी आवाजातही ते सगळ्यांना ऐकू आलं. तेलाचा बारीकसा सुस्कारा.

चौथा फण खाली आला, मऊ मातीत बसला.

फुलीबाईने चौकटीची सुतळी दातांनी तोडली. एक टेकू काढला, मग दुसरा. उरलेल्या पाचही फणांखाली तिने आपल्या हाताने टेकू लावले. सहावा काखेत मारून ती ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली.

"चावी दे."

"फुलीमाय, शेठले काय सांगू?"

"सांग, आठे उचलनारी मी शे."

अजितने चावी दिली. इंजिन बंद पडलं. त्याच्या खिशातला मोबाइल वाजू लागला. नाव पुनीत शेठचं होतं. चौघंही त्याकडे पाहत राहिले. तो वाजून थांबला, आणि लगेच पुन्हा वाजू लागला.