नावाड्याच्या छातीचा शेक

"घाई नको, नदी कुठं पळून जात नाही." थोंगदाम नावाड्याचं हे रोजचं बोलणं. मेकाँगच्या काठावर उतारू कितीही ओरडोत, घरी सासू कितीही 'लवकर चला' म्हणो, हा चिकट भाताचा शेवटचा घास चावूनच वल्ह्याला हात घाली.

त्याची बायको बुआवान गरोदर होती. गावात बाळंतिणीची खाट निखाऱ्यांवर मांडायची रीत, आणि त्याची लाकडं नवऱ्यानंच तोडायची. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं.

"पहिलटकरणीला सूज येतेच," सासू सेंग म्हणाली. "जावईबापू, तुम्ही लाकडांचं बघा. ओली आणाल तर माझी पोर धुरानं मरेल."

तो घरजावई. कोयता घेऊन रानात गेला.

मोळी घेऊन परतला तर बुआवान म्हणाली, "अरे, तू मला दोन दोन दिसतोयस."

"एकच तुला जड जातोय," तो हसला. तेवढ्यात तिचे डोळे फिरले, अंग ताठ होऊन झटके येऊ लागले.

मोळी तिथंच पडली. त्या दिवशी त्यानं नाव अशी हाणली की काठावरची माणसं बघतच राहिली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून मुलगी काढली. तळहातावर मावेल एवढीशी. बुआवान शुद्धीवर नव्हती. उबेची काचपेटी एकच, तिच्यात आधीच दुसरं बाळ.

"निखारे आणा, खाली शेगडी ठेवा!" सेंग ओरडली.

"धुरानं हिचा जीव कोंडेल, आजी," परिचारिका म्हणाली.

"मग काय बापाची छाती शेगडी होणार?"

"होणार. शर्ट काढा, दादा."

थोंगदामनं पोरीला उघड्या छातीशी धरलं. मधेच तिचा श्वास थांबे. मग तो बोटानं तिची पाठ चोळी आणि कुजबुजे, "घे गं, लवकर घे." आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला घाई करत होता.

त्याचे हात अडकलेले. सेंगनं भाताचा गोळा वळून त्याच्या तोंडापुढं धरला. "आ करा. शेगडीला जळण नको?"

दुसऱ्या दिवशी बुआवाननं डोळे उघडले. तिला नवरा एकच दिसला, आणि त्याच्या छातीवर काहीतरी हलताना.

पोरीनं बाळसं धरल्यावर घरी सोडलं. "निखाऱ्यांच्या खाटेचं काय?" बुआवाननं हळूच विचारलं.

"ती लाकडं भात शिजवायला होतील," सेंग म्हणाली.

थोंगदाम नाव सोडायला पुढं निघाला. पोर शर्टाच्या आत, एक हात तिच्या पाठीवर, पाऊल नेहमीसारखं संथ. घाटावरून उतारू हाका मारत होते. दवाखान्याच्या पायरीवर मायलेकी बघत उभ्या होत्या. सेंगनं त्याला लवकर चला म्हटलं नाही.